समाजवाद या शब्दाचा सातबारा

अभ्यासवर्गात एक भांडण हमखास होतं. एक कार्यकर्ता उठतो आणि सांगतो, बाबासाहेबांनी १९४७ साली जमीन आणि मोठे उद्योग सरकारच्या मालकीचे करा म्हणून लिहून दिलं. म्हणजे बाबासाहेब समाजवादी. दुसरा उठतो आणि १९४८ ची तारीख तोंडावर फेकतो. घटनेत समाजवादी हा शब्द घालू नका म्हणून बाबासाहेबच उभे राहिले. म्हणजे बाबासाहेब समाजवादाच्या विरुद्ध. मग तिसरा बुद्ध की मार्क्स काढतो, आवाज चढतात आणि चहा थंड होतो. गंमत अशी की दोघांच्याही तारखा खऱ्या आहेत.

गावात जमिनीचा वाद निघाला की शहाणा माणूस कुणाच्या आजोबांच्या गोष्टी ऐकत बसत नाही. तलाठ्याकडे जातो आणि सातबारा काढतो. नमुना सातवर नाव कुणाचं आहे ते कळतं, नमुना बारावर पीक काय आहे ते कळतं. शब्दांचाही असा उतारा काढावा असं मला वाटतं. शब्दावर नाव कुणाचं चढलंय आणि त्याच्याखाली पिकलंय काय. इथं मी समाजवाद या शब्दाचा उतारा काढतो. स्वातंत्र्य, समता, हरिजन, दलित हे बांधाला बांध लागून असलेले शब्द, तेही मधे येतीलच.

सुरुवात ग्रंथापासून नको, गिरणीपासून करू. मुंबईच्या कापड गिरणीत विणकाम खात्यात पगार जास्त. तिथं साचे चालायचे. धोट्यातला धागा तुटला की तो भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. आता महाराच्या तोंडाला लागलेला धोटा मराठा कामगार आपल्या तोंडाला कसा लावणार? म्हणून आपल्या माणसाला विणकाम खात्यात मज्जाव. तो कमी पगाराच्या खात्यात, सूत कातायच्या बाजूला. मालकानं तशी पाटी लावली नव्हती. लाल झेंड्याखाली खांद्याला खांदा लावून उभा राहणारा कामगारच ही पाटी मनात घेऊन गिरणीत यायचा. १९२८ चा मोठा संप सहा महिने चालला. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना सांगितलं, आमच्या माणसांना सगळ्या खात्यांत काम मिळालं पाहिजे ही मागणी तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर मी माझ्या माणसांना संपात थांबा म्हणून सांगणार नाही. पुढाऱ्यांनी कुरकुरत ती मागणी घेतली. मालकांनी काय उत्तर द्यावं? हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही, तुमच्या लोकांनी केलेला आहे. मालक लबाड खराच, पण या एका बाबतीत त्यानं दाखवलेलं बोट बरोबर जागी पडलं होतं.

हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा. बाबासाहेब आणि समाजवादी यांच्यातलं सगळं भांडण त्या धोट्यात आहे. कामगारांची एकजूट हा शब्द तोंडात आणि धोट्याला तोंड लावू देणार नाही. १९३६ साली जातीच्या निर्मूलनाचं भाषण लिहिलं (जे त्यांना करूच दिलं नाही) त्यात समाजवाद्यांना त्यांनी हेच विचारलं की जातीचा प्रश्न तुम्ही क्रांतीच्या आधी हातात घेणार नसाल तर क्रांतीनंतर तो तुम्हाला घ्यावाच लागेल, सुटका नाही.

आणि त्याच १९३६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पक्ष काढला त्याचं नाव काय? स्वतंत्र मजूर पक्ष. नावात जात नाही, नावात मजूर. लोकांच्या हितासाठी गरज पडेल तिथं उद्योग सरकारच्या मालकीचे आणि सरकारनं चालवलेले असावेत, हे त्या पक्षाच्या जाहीरनाम्यात होतं. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. कोकणातला खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला. सारा गोळा करतो आणि वर वेठही घेतो. त्याच्याखाली कुणबीही भरडला जायचा आणि महारही. १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत मोर्चानं आले, त्यात हे दोघेही होते. बिल काही पास झालं नाही. खोती कायद्यानं गेली ती १९४९ साली.

मग मनमाड. १९३८ चा फेब्रुवारी, जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे या देशातल्या कामगारांचे दोन शत्रू, असं बाबासाहेब तिथं बोलले. आपण सगळे हे वाक्य भिंतीवर रंगवतो. त्या भाषणातला दुसरा भाग मात्र कुणी रंगवत नाही. रेल्वेत आपला माणूस आयुष्यभर गँगमनच का राहतो, त्याला पोर्टर का करत नाहीत? कारण पोर्टरला स्टेशनमास्तर घरगड्यासारखा वापरतो आणि अस्पृश्य घरात चालत नाही. भांडवलशाहीवर इतका बारीक हात त्या काळात कुणी ठेवला होता? ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीचे लोक असा आपला अर्थ नाही, स्वातंत्र्य, समता, बंधुभाव नाकारणारी वृत्ती असा अर्थ आहे आणि ती सगळ्या जातींत शिरलेली आहे, हेही त्यांनी तिथंच स्पष्ट केलं. वापरलेल्या शब्दाचा अर्थ त्याच सभेत सांगून टाकायचा, ही त्यांची शिस्त. आपण शब्द घेतला, शिस्त मनमाडच्या फलाटावर सोडून आलो.

त्याच १९३८ सालातल्या दोन गोष्टी आणखी. जानेवारीत लोकल बोर्डाच्या दुरुस्ती बिलात काँग्रेस सरकारनं अस्पृश्यांसाठी हरिजन हा शब्द घातला. दादासाहेब गायकवाड उठले. आम्ही देवाची माणसं, तर मग बाकीचे कुणाची, अशी त्यांनी सरकारला कोंडीत पकडणारी विचारणा केली. आम्हाला काय म्हणायचं ते आम्ही ठरवू, एवढंच पक्षाचं म्हणणं होतं. बहुमत सरकारचं. शब्द राहिला आणि बाबासाहेब आपल्या आमदारांसह सभागृहातून बाहेर पडले. ज्याचं नाव ठेवायचं त्याचंच मत धरलं नाही.

दुसरी गोष्ट संपाची. त्याच सरकारनं औद्योगिक तंट्यांचं बिल आणलं. आधी तडजोडीची सगळी पायरी चढा, तोवर संप केलात तर तुरुंग. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, पक्ष स्वातंत्र्याचा लढा लढणारा. बाबासाहेबांनी सभागृहात कायद्याच्या भाषेत मुद्दा मांडला. नोकरीचा करार मोडणं हा दिवाणी मामला आहे. त्याला गुन्हा ठरवलात तर माणसाला त्याच्या मनाविरुद्ध राबायला लावता, आणि त्याला गुलामी म्हणतात. संप करण्याचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, नाव फक्त वेगळं. ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप झाला. ज्या कम्युनिस्टांशी गिरणीत वाजलं होतं त्यांच्याबरोबर बाबासाहेब उभे राहिले. पोलिसांनी गोळीबार केला. बिल कायदा झालंच. स्वातंत्र्य या शब्दावर तेव्हा नाव काँग्रेसचं होतं. कसत होता गिरणीतला कामगार.

आता १९४६ कडे येऊ. १३ डिसेंबरला नेहरूंनी घटना समितीत उद्दिष्टांचा ठराव मांडला. सामाजिक, आर्थिक, राजकीय न्याय वगैरे सगळं त्यात होतं. चार दिवसांनी बाबासाहेब बोलले. हा न्याय खरोखर द्यायचा असेल तर जमिनीचं आणि उद्योगांचं राष्ट्रीयीकरण होईल असं ठरावात स्वच्छ लिहायला हवं होतं, ते नाही, तेव्हा न्याय देणार कसा हे मला समजत नाही, असा त्या भाषणातला एक मुद्दा होता. न्याय शब्द आहे, न्यायाची तरतूद नाही ही तक्रार.

ती तरतूद मग त्यांनी स्वतःच लिहिली. मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वतीनं स्टेट्स अँड मायनॉरिटीज हे निवेदन निघालं. आपल्यातले कितीतरी जण याचं नाव घेतात आणि उघडून पाहत नाहीत, म्हणून त्यातलं काय आहे ते जरा बैजवार सांगतो. मुख्य उद्योग सरकारच्या मालकीचे, सरकारनं चालवायचे. जे मुख्य नाहीत पण पायाभूत आहेत तेही सरकारचे, ते सरकारनं किंवा महामंडळांनी चालवायचे. विमा फक्त सरकारचा, आणि प्रत्येक प्रौढ माणसाला त्याच्या कमाईच्या प्रमाणात विमा सक्तीचा. शेती हा सरकारी उद्योग. जमीन सरकारनं घ्यायची, पण फुकट लाटायची नाही, मालकाला कर्जरोखे द्यायचे. मग ठराविक आकाराचे शेतगट पाडून ते गावातल्या लोकांना कुळं म्हणून द्यायचे. जात, धर्म न बघता. गावानं ते सामुदायिकपणे कसायचे. पाणी, बैल, अवजारं, खत, बियाणं सरकार देणार. त्यातून असं गाव उभं राहील की तिथं जमीनदार नसेल, त्याच्या मर्जीतलं कूळ नसेल आणि भूमिहीन मजूरही नसेल. घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत हे सगळं व्हायचं होतं.

याच्यात महारवाड्याचा सगळा अनुभव आहे. गावकीत पाटलाच्या वावरात राबणारा माणूस पाटलाच्या विरुद्ध मत कसं देणार? साक्ष कशी देणार? विहिरीवर कसा चढणार? दुसऱ्या दिवशी काम बंद, दुकान बंद, वाट बंद. निवेदनात त्यांनी विचारलं आहे की बेकार माणसापुढं एका हाताला नोकरी ठेवली, पण युनियन नाही, बोलायचं नाही अशा अटीवर, आणि दुसऱ्या हाताला त्याचे मूलभूत हक्क ठेवले, तर तो कशाला हात घालेल? पोटाला घालेल. म्हणजे सरकारनं हात काढून घेतला की जे उरतं त्याला स्वातंत्र्य म्हणतात खरं, पण ते जमीनदाराचं खंड वाढवायचं आणि मालकाचं मजुरी कापायचं स्वातंत्र्य असतं. बोलण्याचं स्वातंत्र्य आणि भांडवलशाही हे दोन वेगवेगळ्या परिसंवादांचे विषय म्हणून ठेवले जातात. इथं ते एकाच कलमात आहेत, आणि मला तरी हा त्या निवेदनाचा कणा वाटतो.

एक गोष्ट आणखी, आणि ती पुढं उपयोगी पडेल. हे सगळं संसदेच्या मर्जीवर सोडू नका, घटनेतच लिहा, असा त्यांचा आग्रह होता. का? आज एका पक्षाचं बहुमत हे करील, उद्या दुसऱ्याचं मोडून टाकील. आणि हुकूमशाही तर नको. मग हुकूमशाही नको, संसद ठेवायची, आणि तरी समाजवाद टिकवायचा, तर तो घटनेच्या कायद्यात बसवायचा. हा मार्ग ना रशियाचा, ना अमेरिकेचा. घटना समितीनं तो घेतला नाही. पुढं बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, तरीही तो घटनेत आला नाही.

आणि मग १५ नोव्हेंबर १९४८. प्रो. के. टी. शहा, अर्थशास्त्राचे प्राध्यापक, यांनी दुरुस्ती मांडली की भारत हा सेक्युलर, फेडरल, सोशॅलिस्ट असा राज्यांचा संघ असेल असं पहिल्याच कलमात म्हणा. बाबासाहेबांनी नाही म्हटलं. कारणं दोन दिली. एक, समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे लोकांनी त्या त्या काळात ठरवायचं, घटनेत ते बांधून टाकणं म्हणजे लोकशाहीच संपवणं. आज समाजवाद चांगला वाटेल, उद्या विचारी लोक त्याहून चांगली रचना काढतील. दोन, शब्दाची गरजच नाही. मार्गदर्शक तत्त्वांत उपजीविकेचं साधन, संपत्तीची वाटणी, समान कामाला समान वेतन हे सगळं आहे. ते समाजवादी नाही तर काय आहे?

बघा. १९४७ ला म्हणतात संसदेवर सोडू नका, १९४८ ला म्हणतात लोकांवर सोडा. यात विसंगती आहे. ती झाकायचा जो उद्योग आपल्या काही वक्त्यांनी चालवलाय तो मला पटत नाही. बाबासाहेबांना प्रश्न विचारायला बाबासाहेबांनीच शिकवलं. माझा विचार असा. १९४७ चं निवेदन पक्षाचा पुढारी लिहितो, अल्पसंख्याकांच्या बाजूनं, बहुमताची भीती डोक्यात ठेवून. १९४८ चं उत्तर मसुदा समितीचा अध्यक्ष देतो, सगळ्या सभागृहाच्या वतीनं, ज्या सभागृहानं त्याचं कलम आधीच बाजूला ठेवलेलं आहे. कलम गेलं, आता नुसता शब्द घ्या असं म्हणतायत. त्यानं शब्द घेतला नाही. पहिलं कारण वजनदार आहे, मला मान्य आहे. दुसरं कारण कच्चं आहे. मार्गदर्शक तत्त्वांसाठी कोर्टात जाता येत नाही, हे घटनाच सांगते, आणि मर्जीवर सोडलेलं टिकत नाही हे त्यांनीच वर्षापूर्वी लिहिलं होतं. पण एवढ्यावरून ते समाजवादाच्या विरुद्ध होते असं म्हणणाऱ्यानं आधी १९४७ चं कलम वाचावं. त्या कलमाइतका कडक समाजवाद शहांच्या तीन शब्दांत नव्हता.

वर्षभरानं, २५ नोव्हेंबर १९४९ ला, समारोपाच्या भाषणात त्यांनी समाजवाद्यांना चिमटाही काढला. यांना सत्ता मिळाली तर भरपाई न देता सगळी खाजगी मालमत्ता ताब्यात घ्यायची मोकळीक हवी. आणि सत्ता मिळाली नाही तर मूलभूत हक्क बिनमर्यादा हवेत, म्हणजे टीका तर करता येईलच, राज्यही उलथता येईल. म्हणजे स्वातंत्र्य आपल्यापुरतं. हा चिमटा आजही कुणाकुणाला बसतो ते आपापलं बघावं.

बोलण्याच्या स्वातंत्र्याचा सातबारा १९५१ साली उघडला. वर्षभर आधी, २६ मे १९५० ला, सुप्रीम कोर्टानं एकाच दिवशी दोन निकाल दिले. एक क्रॉसरोड्स या डाव्या साप्ताहिकाचा, त्याच्यावर मद्रास सरकारनं बंदी घातली होती. दुसरा संघाच्या ऑर्गनायझरचा, त्याच्यावर दिल्लीत छापण्याआधी तपासणी लादली होती. दोघंही जिंकले. त्याच सुमाराला मद्रासची शिक्षणातली राखीव जागांची पद्धत समान हक्काच्या नावानं रद्द झाली. आणि पाटणा हायकोर्टानं बिहारचा जमीनदारी नष्ट करणारा कायदा रद्द केला. कोणत्या कलमावर? समतेच्या. लहानमोठ्या जमीनदारांना भरपाईचा दर वेगवेगळा, म्हणजे विषमता झाली! दरभंग्याच्या महाराजांच्या मदतीला समता धावून आली. महाराष्ट्रातल्या कुठल्या महारवाड्यात ती इतक्या तातडीनं धावल्याचं मी ऐकलेलं नाही.

मग पहिली घटनादुरुस्ती. एकाच गाठोड्यात तीन वस्तू. मागासलेल्यांसाठी खास तरतुदीचा अधिकार, म्हणजे आजचं १५(४). जमीनसुधारणांना संरक्षण. आणि भाषणस्वातंत्र्यावर सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्री, गुन्ह्याला चिथावणी ही नवी बंधनं. बंधनं वाजवी असली पाहिजेत ही अट त्यातच आली, त्यामुळं कोर्टाला निदान तपासायला जागा राहिली. कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी ही दुरुस्ती संसदेत लढवली. श्यामाप्रसाद मुखर्जींनी भाषणस्वातंत्र्याच्या नावानं कडाडून विरोध केला. आता आपण कुठल्या बाजूचे? १५(४) शिवाय आपली पोरं कॉलेजात गेली नसती. आणि त्याच कायद्यानं सरकारच्या हातात जी काठी दिली ती पुढं आपल्याच सभांवर, आपल्याच पत्रकांवर पडली. गाठोडं उचललं की काठीही येते. मला निवडायला सांगितलं तर मी १५(४) घेईन, आणि काठीबद्दल भांडत राहीन.

भाषणस्वातंत्र्य म्हटलं की आपले पुरोगामी मित्र फक्त सरकारी बंदीबद्दल बोलतात. १९२० साली मूकनायक निघाला तेव्हा केसरीनं त्याची जाहिरात पैसे देऊ केले तरी छापली नाही. कुठलं सरकार आडवं आलं होतं? छापखाना ज्याचा, तोंड त्याचं. मूकनायक तीन वर्षांत बंद पडला, बहिष्कृत भारत १९२९ ला. बंदी दोघांवरही नव्हती, पैसा नव्हता. बहिष्कृत भारतचे रकानेच्या रकाने संपादकालाच भरावे लागत. आणि उलटंही आहे. गावात दवंडी पिटून यांना काम देऊ नका, यांना किराणा देऊ नका असं सांगणं हेही बोलणंच की. त्याला स्वातंत्र्य म्हणायचं? महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो थेट २०१६ साली.

रिडल्सचं प्रकरण जुन्या कार्यकर्त्यांना माहीत आहे, नव्यांसाठी दोन ओळी. १९८७ साली राज्य सरकारनंच बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड छापला. त्यातल्या राम-कृष्णाच्या परिशिष्टावरून शिवसेना उठली, सरकारनं परिशिष्ट मागं घ्यायचं ठरवलं. १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईत आपला प्रचंड मोर्चा निघाला. परिशिष्ट राहिलं, पण सरकार या मतांशी सहमत असेलच असं नाही, अशी टीप लावून. बाबासाहेबांची घटना चालते, त्यांचं मत टीप लावून चालतं.

आता आपल्या घरातलं. बाबासाहेबांनी १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. दुःख आणि शोषण संपवायचं यात फरक कमी, पण रक्तपात आणि हुकूमशाही हा मार्ग बुद्धाचा नाही. म्हणजे इथंही अडकलं ते बोलण्याच्या, मन वळवण्याच्या स्वातंत्र्यापाशी. ते गेले आणि आपण त्या भाषणाची लाठी केली. रिपब्लिकन पक्ष १९५७ ला स्थापन झाला, दोन वर्षांत फुटला. दादासाहेब गायकवाड कम्युनिस्टांना बरोबर घेऊन भूमिहीनांचा लढा लढतात ही बी. सी. कांबळे गटाची तक्रार होती. कांबळे गट स्वतःला दुरुस्त म्हणवू लागला, मग दादासाहेबांचा गट झाला नादुरुस्त! या नादुरुस्त माणसानं १९६४ च्या ६ डिसेंबरला जमिनीचा सत्याग्रह सुरू केला आणि देशभर आपल्या माणसांनी तुरुंग भरले. पुढं १९७३ साली पँथरचा जाहीरनामा आला. दलित कोण? अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, धर्माच्या नावानं आणि पैशाच्या जोरावर नाडले गेलेले सगळे. ही व्याख्या मार्क्सची की भीमाची यावरून नामदेव ढसाळ आणि राजा ढाले वेगळे झाले. व्याख्येत न बसणारं कुणी भेटलं म्हणून फूट पडली असं झालं नाही. व्याख्येच्या हस्ताक्षरावरून पडली.

आपण हे भांडत होतो तेव्हा दिल्लीनं शब्द उचलला. १९७६, आणीबाणी. विरोधक तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. त्या शांततेत बेचाळीसाव्या दुरुस्तीनं उद्देशिकेत समाजवादी हा शब्द घातला. जमिनीचं कलम नाही, विम्याचं नाही, नुसता शब्द. १९७८ ला जनता सरकारनं त्याची व्याख्या करायचा प्रयत्न केला. समाजवादी म्हणजे सामाजिक, राजकीय, आर्थिक अशा सर्व प्रकारच्या शोषणापासून मुक्त. लोकसभेनं मंजूर केली, राज्यसभेनं उडवली. शब्द राहू दे, अर्थ नको. १९८९ पासून तर प्रत्येक पक्षाला नोंदणीसाठी समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते. भांडवलवाल्यांचा पक्षही ते लिहून देतो. दोन वर्षांनी, १९९१ ला, बाजार उघडला, कारखान्यांचे भोंगे बंद पडले, आणि शब्द जागच्या जागी. २५ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं हा शब्द काढा म्हणणाऱ्या याचिका फेटाळल्या. फेटाळताना सांगितलं की समाजवादी म्हणजे आपल्याकडे कल्याणकारी राज्य, संधीची समानता. खाजगी उद्योगाला त्याची आडकाठी नाही. वीस दिवस आधी, मुंबईच्या घरमालकांच्या खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं बहुमतानं सांगितलं होतं की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती धरता येणार नाही.

शब्द काढा म्हणणारे कोण आहेत ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून शब्द राहिला पाहिजे असं मीही म्हणेन. पण तो राखण्यात सगळी ताकद घालवणाऱ्यांना विचारीन की त्या शब्दानं १९७६ पासून कुणाला एकरभर जमीन दिली? दलित या शब्दाचंही तसंच. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या माहिती खात्यानं टीव्ही वाहिन्यांना तो शब्द वापरू नका, अनुसूचित जाती म्हणा, असा सल्ला पाठवला. आपल्यातही बौद्ध म्हणा, दलित नको, असं म्हणणारे आहेत, त्यांचं मी ऐकून घेतो, कारण ते आपल्या नावाबद्दल आपण बोलतायत. खात्याचं ऐकत नाही. अनुसूचित जाती हा दाखल्यावरचा शब्द आहे, दाखल्यापुरता लागतो. त्याच्यात दळणारा कोण हे कुठं येत नाही.

१९४७ च्या कलमातलं थोडं पिकलं, ते विम्याचं. १९५६ ला आयुर्विमा सरकारी झाला. २०२२ च्या मे महिन्यात त्याचेही साडेतीन टक्के शेअर बाजारात विकले. जमिनीचं कलम मात्र कधी पेरलंच नाही. १९६१ ला महाराष्ट्रात कमाल जमीनधारणेचा कायदा आला, त्यातून कुणाला किती मिळालं ते गावोगाव वेगळं आहे. मराठवाड्यात आपल्या माणसांनी गायरानं फोडली, दगड वेचले, बाजरी घेतली. सरकारनं २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतचा भूमिहीन मागासवर्गीयांचा ताबा कायम करायचं कबूल केलं. तरी कितीतरी गावांत कागद झालेले नाहीत. २०२२ ला हायकोर्टाच्या आदेशावरून गायरानं मोकळी करायच्या नोटिसा निघाल्या तेव्हा याच लोकांच्या पोटात गोळा आला. तीस-चाळीस वर्षं जमीन कसणाऱ्या बाईला सरकारी कागदात काय म्हणतात? अतिक्रमणदार. गावठाणाला लागून पाटलानं वाढवलेल्या वाड्याला काय म्हणतात ते तलाठ्याला विचारा.

खरंच विचारा. गाव नमुना १-ई हे अतिक्रमणांचं रजिस्टर, नमुना १-ड मध्ये कमाल धारणेत निघालेल्या जादा जमिनी. माहितीच्या अधिकारात दोन्हींच्या नकला मिळतात. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकानं आपापल्या गावच्या घेऊन याव्यात. तारखांचं भांडण त्या कागदांवर बसून करू.